आप्पांचा होकार, व्हाया फिनलंड

सांगलीच्या हळद बाजारात धनपाल मगदूम यांचं 'नाही' प्रसिद्ध होतं. इतर अडत्यांच्या 'नाही'चा अर्थ 'जरा आणखी बोला' असा असायचा. धनपालआप्पांचं 'नाही' ऐकलं की खरेदीदार चपला शोधायला लागायचे. आप्पांनी बँकेला नाही म्हटलं होतं, निवडणुकीच्या तिकिटाला नाही म्हटलं होतं, आणि स्वतःच्या सत्काराला तर हार गळ्यात पडल्यानंतर नाही म्हटलं होतं. हार काढून टेबलावर ठेवला, समोरची कचोरी संपवली आणि ते घरी आले.

त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा, शीतलचा, धंदा बरोबर उलटा होता. त्याला दिवसभर 'हो' म्हणण्याचा पगार मिळायचा.

शीतल हे सांगलीकडच्या जैन घरांत चांगलं भरभक्कम पुरुषाचं नाव आहे, हे पुण्याला पटवून देण्यात त्याच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं गेली. उरलेली वर्षं त्यानं दूरच्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवण्यात घालवली. सर्व्हर म्हणजे एक कायम जागा असलेला संगणक. तो कुठल्या तरी थंड देशातल्या थंड हॉलमध्ये उभा असतो आणि शीतलसारखी माणसं पुण्यात पंख्याखाली बसून त्याला हुकूम देतात. पॅकेज म्हणजे त्या संगणकाला एखादं नवीन काम शिकवणारा गठ्ठा. पण पॅकेज कधी एकटं येत नाही. लग्नात करवलीला बोलवावं, तर तिची दोन मुलं येतात, मुलांना सांभाळायला आत्या येते, आणि आत्याला एकटीला प्रवास झेपत नाही म्हणून मामा येतात, तसं. त्यामुळे बसवायच्या आधी संगणक दरवेळी विचारतो, की बरोबर एवढी मंडळी येणार आहेत, येऊ देऊ का?

आता दिवसात शंभर वेळा हा प्रश्न कोण वाचणार? म्हणून या धंद्यातल्या लोकांनी एक सोय काढलेली आहे. हुकमाच्या शेवटी एक आडवी रेघ आणि 'वाय' हे अक्षर मारायचं. मग संगणक काही विचारतच नाही. सगळ्या प्रश्नांना आधीच 'हो'. शीतलनं हे 'वाय' इतकी वर्षं मारलं होतं, की घरी बायको काही विचारायला लागली तरी वाक्य पुरं व्हायच्या आत तो 'हो' म्हणायचा. प्रज्ञानं या सवयीवर एक फ्रीज आणि एक केरळची सहल मिळवली होती.

आप्पांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू व वाचा, दोन्ही एकदम गेल्या. बाजारानं त्या दिवशी हळहळ व्यक्त केली. काही खरेदीदारांनी ती जरा मोकळ्या आवाजात केली.

डॉक्टरांनी शीतलला समजावून सांगितलं, ते असं. आप्पांच्या मेंदूत शब्द शाबूत आहेत, वाक्यं रोज तयार होतात. मात्र तिथून जिभेपर्यंतचा रस्ता वाहून गेला आहे. पूल पडला म्हणजे पलीकडचं गाव नाहीसं होत नाही, फक्त एसटी जायची थांबते. आता निराळा पूल बांधता येतो. मेंदूच्या पृष्ठभागावर नखाएवढी पातळ जाळी बसवायची. माणूस बोलायचं मनात आणतो, तेव्हा ओठांना आणि जिभेला हुकूम सुटतात. ते हुकूम ही जाळी टिपते आणि सर्व्हरकडे पाठवते. सर्व्हर त्यांचे शब्द लावतो आणि गळ्यात अडकवलेल्या डबीतून ते माणसाच्या स्वतःच्या आवाजात बाहेर पडतात.

"आणि हो," डॉक्टर म्हणाले होते, "मान हलवतील तिकडे फार लक्ष देऊ नका. या आजारात हो-नाहीची मान उलटसुलट हलते. रडूही उगाच येतं. डबी सांगेल ते खरं."

या डब्यांचे सर्व्हर सांभाळण्याचं काम शीतलच्याच कंपनीकडे होतं, आणि सर्व्हर होते फिनलंडमध्ये. आप्पा सांगलीत विश्रामबागेतल्या त्यांच्या फ्लॅटवर, मुलगा पुण्यात आणि आवाज फिनलंडमध्ये, अशी मगदूम कुटुंबाची फाळणी झाली.

आवाज बनवायला जुनं रेकॉर्डिंग लागतं. आप्पांचं सापडलं ते सगळं सौद्यातलं. त्यामुळे त्यांनी पाणी मागितलं तरी ऐकणाऱ्याला पाण्याचा लिलाव निघालाय असं वाटायचं. ही डबी म्हणे मनात आलेलं वाक्य माणूस गिळायच्या आतच पकडते, अशी काही रुग्णांच्या घरच्यांची तक्रार होती. आप्पांच्या बाबतीत तसा काही फरक पडला नाही. त्यांच्या मनात आणि तोंडात पूर्वीही फारसं अंतर नव्हतं.

"आंघोळ घालायलास का पोतं धुवायलास?" हे ऐकून पहिला ब्रदर गेला. दुसरी बाई भाकरीवरून गेली. तिसऱ्या सुलभाताई टिकल्या, पण त्याही रोज फोनवर शीतलला म्हणायच्या, "दादा, तुमचे वडील मला 'भोपळा' म्हणतात. मी किती दिवस भोपळा राहायचं?"

तेवढंही शीतलनं सोसलं असतं. पण कंपनीचे मोठे साहेब कॅमेरा आणि शीतल, दोघांना घेऊन सांगलीला आले. आप्पा म्हणजे कंपनीचं यश, आणि ते यश जगाला दाखवायचं होतं. साहेबांनी वाकून, नाजूक आवाजात विचारलं, "आप्पासाहेब, इतक्या दिवसांनी बोलायला मिळालं. कसं वाटतंय?"

"तुमचं तोंड बघून बरं वाटत न्हाई," लिलावाच्या पट्टीत डबी म्हणाली. "जरा मागं सरका. लसूण खाल्लाय तुम्ही."

कॅमेरा चालूच होता. शीतल खिडकीतून बाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. लहानपणी शाळेतल्या सरांना आप्पांनी 'मास्तर, फळ्यापेक्षा तुमचा सदरा जास्त पुसा' असं सांगितलं होतं, तेव्हा जसे कान तापले होते, तसे या वयात पुन्हा तापले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ऑफिसात बसून त्यानं आप्पांचा सर्व्हर उघडला. 'सौजन्य' नावाचं एक पॅकेज होतं. मूळ ते ग्राहकसेवेच्या फोनवाल्यांसाठी केलेलं. फोनवाला वैतागून बोलला तरी ग्राहकाला ते गोड ऐकू जायचं. पॅकेज पुण्यात बनलेलं असूनही त्याचं नाव सौजन्य होतं, याचं शीतलला नेहमी कौतुक वाटे. त्यानं हुकूम लिहिला. शेवटी सवयीनं रेघ आणि 'वाय' मारलं.

पडद्यावरून मंडळी सरकायला लागली. सौजन्य. त्याच्यामागून मृदुता. तिच्यामागून सुसंवाद. आणि सर्वांत शेवटी 'मतैक्य'.

मतैक्य? शीतलला वाटलं, हे कशाला? पण तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन होईपर्यंत सगळं बसलं होतं. एकही चूक झालेली नाही, असं संगणकानं कळवलं.

मतैक्याचं काम तसं सरळ होतं. फोनवर ग्राहकाला विरोध केला की ग्राहक जातो. म्हणून वाक्यात विरोध किती आहे तो मोजायचा आणि शून्यावर आणायचा. संगणकाला शब्दांचे अर्थ कळत नाहीत, शेजार कळतो. कुठला शब्द कुणाच्या बाजूला बसतो, त्यावरून तो शब्दांचा एक नकाशा करतो. आणि त्या नकाशात 'हो' आणि 'नाही' भिंतीला भिंत लावून राहतात, कारण दोघंही आयुष्यभर त्याच त्या प्रश्नांच्या दारात उभे असतात. एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जायला संगणकाला जेमतेम अंगण ओलांडावं लागतं.

त्या रविवारी शीतलनं फोन केला. "आप्पा, औषध घेतलं का?"

"घेतलं रे बाळा," डबी हळुवार म्हणाली. "तू दमत जाऊ नकोस."

शीतल फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. बाळा! जन्मात आप्पांनी त्याला बाळा म्हटलेलं नव्हतं. ते त्याला एकच नाव वापरायचे, आणि ते पाळण्यातलं नव्हतं. हे आप्पा बोलत नाहीयेत, एवढं शीतलला त्याच क्षणी समजलं. या कामात त्याचे केस पांढरे झाले होते, तेव्हा न समजायला तो काही मोठा साहेब नव्हता. मग त्यानं काय करावं? त्यानं पुन्हा विचारलं, "जेवलात का?"

"जेवलो बाळा."

पुढच्या रविवारी त्यानं जरा लवकरच फोन केला.

आप्पा बदलले, अशी बातमी विश्रामबागेत पसरली. आजारानं माणूस कसा निवळतो पाहा, असं लोक म्हणाले. सुलभाताई म्हणाल्या, "आता मला 'ताई' म्हणतात, दादा. डोळ्यांत पाणी आलं." पाणी आप्पांच्याही डोळ्यांत यायचं, पण ते आजाराचं.

आप्पा हो म्हणतात असं कळल्यावर विचारणारे वाढले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांची पार्किंगची जागा मागितली. आप्पा म्हणाले, "अवश्य घ्या, मला कुठे गाडी चालवायची आहे?" कराओके मंडळानं शनिवारच्या सरावाला आप्पांचा हॉल मागितला. आवाजाचा त्रास नाही ना होणार, असंही विचारलं. "छे छे," डबी म्हणाली, "उलट जरा मोठ्यानं म्हणा." मंडळ मोठ्यानं म्हणायचं. आप्पांच्या डोळ्यांतून धारा लागायच्या आणि मंडळातल्या बायका एकमेकींना खूण करायच्या, की गाणं कसं आतपर्यंत पोचलं बघा.

एकदा आप्पांनी डाव्या हातानं पाटी मागून घेतली आणि पेन्सिलीनं बराच वेळ झटून काहीतरी काढलं. सुलभाताईंनी त्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'आप्पांनी मोर काढला.' शीतलनं फोटो मोठा करून पाहिला. 'न'ला काना असावा असं त्याला वाटलं. मग मोरच असावा असं वाटलं. त्यानं अंगठा पाठवला.

'यंत्र खोटं बोलतंय' असं आप्पांनी कुणाला तरी सांगितलंच असणार. डबीनं ते 'यंत्र छान चाललंय' असं सांगितलं असणार. पण हा विचार शीतल फार पुढे जाऊ देत नसे.

प्रज्ञा दिवाळीला सांगलीला जाऊन आली. आल्यावर तिनं बॅगही खाली ठेवली नाही. "शीतल, आप्पा मला म्हणाले, 'सूनबाई, पोहे उत्तम झाले.'"

"मग? चांगलंच म्हणाले की."

"त्यांनी मला आजवर सूनबाई म्हटलेलं नाही. आणि पोहे करपले होते."

"माणूस बदलतो गं."

"पोहे बदलत नाहीत," प्रज्ञा म्हणाली आणि बॅग घेऊन आत गेली.

त्यानंतर शीतलला फिनलंडची जागा देऊ केली गेली. सर्व्हरच्या हॉलचा मुख्य, तीन वर्षं, कुटुंबासह. यासाठी तो इतकी वर्षं 'वाय' मारत बसला होता. अडचण एकच. आप्पांना सांगलीत एकटं कसं ठेवायचं? तळेगावजवळ 'मंदाकिनी निवास' नावाची वृद्धांची उत्तम सोय होती. बाग, डॉक्टर, रोज निराळी भाजी. त्यात नसणार होती ती फक्त सांगली.

शीतलनं फोनवर विचारलं. विचारताना त्याला प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं. आप्पांचं खरं उत्तर ठाऊक होतं आणि डबीचंही.

"तू म्हणशील तसं, बाळा," डबी म्हणाली. "तुझं सुख तेच माझं."

नवीन कायद्याप्रमाणे डबीतून येणारा आवाज हा माणसाचा स्वतःचा आवाज धरला जातो. मंदाकिनीच्या व्यवस्थापक रानडेबाई ती संमती घ्यायला सांगलीला आल्या. शीतलही आला होता. आप्पा खुर्चीत बसले होते, मांडीवर पंचाएवढा टॉवेल.

"मगदूम आजोबा, आमच्याकडे यायला तुमची तयारी आहे ना?"

"पूर्ण तयारी आहे," डबी म्हणाली. "माझी काहीच तक्रार नाही."

आप्पांची मान मात्र जोरजोरात दोन्हीकडे हलत होती. बाई शीतलकडे बघायला लागल्या. "हे असं... मान?"

"ते आजारामुळे," शीतल म्हणाला. "डॉक्टरांनीच सांगितलंय."

मग आप्पांनी एक केलं. डाव्या हातानं मांडीवरचा टॉवेल उचलला, तो त्या हातावर पसरला आणि टॉवेलखालचा हात शीतलपुढे केला. डोळे शीतलच्या डोळ्यांत रोखलेले होते.

शीतलला बाजार आठवला. उघडे सौदे सुरू व्हायच्या आधीचा, रुमालाखालचा बाजार. त्याच्या जन्माआधीच तो बंद पडला होता, पण आप्पांनी घरी जेवायच्या पाटावर बसून त्याला शिकवला होता. दोघांचे हात रुमालाखाली. बोटं धरली की आकडा. अंगठा दाबला की पटलं. हात झटकून बाहेर काढला की नाही. आणि जोवर हात आत आहे, तोवर बोलणी चालू.

शीतलनं टॉवेल हातात घेतला आणि आप्पांचं तोंड पुसलं.

"लाळ येते जरा," तो रानडेबाईंना म्हणाला.

आप्पांनी डोळे मिटून घेतले. त्यांनी परत टॉवेल उचलला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी खाली गाडी उभी होती, ड्रायव्हरशिवाय आपली आपण चालणारी, एसी लावून ठेवलेली. जिन्यात सोसायटी जमली होती. सेक्रेटरींनी शाल-श्रीफळ आणलं होतं. कराओके मंडळानं निरोपाचं गाणं बसवलं होतं. प्रज्ञा सामान मोजत होती आणि शीतलकडे बघायचं टाळत होती. इतक्यात काठी टेकत नाना आरवाडे वर आले.

नाना म्हणजे वखारभागातले जुने खरेदीदार, आप्पांचे आयुष्यभराचे गिऱ्हाईक आणि शत्रू. या झटक्याच्या आधीपासून ते हुबळीला मुलीकडे होते, कालच परत आले होते. नानांना अजिबात ऐकू येत नव्हतं. कानाचं यंत्र त्यांनी घेतलं होतं, ते कपाटात होतं. ऐकण्यासारखं हल्ली कोण बोलतं, असं त्यांचं मत होतं.

"काय रे धनपाल," बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात नाना म्हणाले, "मला न विचारता निघालास म्हणे?"

"हो नाना," डबी म्हणाली, "सर्वांच्या आशीर्वादानं. फार आनंद आहे."

जिन्यातली माणसं कौतुकानं हसली. नानांना यातलं अक्षर ऐकू आलं नाही. त्यांनी खुर्ची आप्पांच्या डाव्या अंगाला ओढली, खांद्यावरचा स्वतःचा रुमाल काढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि आत हात घातला. बाजारातून रुमाल गेला तरी आयुष्यभर दोघं याच भाषेत भांडले होते. डाव्या हाताची बोटं उलटी लागतात म्हणून नाना जरा अडखळले. मग थांबले. मग त्यांचा चेहरा हळदीच्या पोत्यात खडे सापडल्यासारखा झाला.

"आँ?" ते म्हणाले. पुन्हा बोटं धरली. रुमाल उडाला, आप्पांचा हात बाहेर. नानांनी परत घातला. परत रुमाल उडाला.

"न्हाई म्हणायलाय त्यो!" नाना ओरडले. ते तळमजल्यावरच्या गाडीलाही ऐकू गेलं असावं. "अरे शीतल, कुठं न्ह्यायलास ह्याला? न्हाई म्हणायलाय की!"

"नाना, पण डबी तर..."

"काय बोलायलास ते मला ऐकू येत न्हाई. ह्यो काय बोलायलाय तेवढं कळतंय. दुष्काळातल्या भावाला सुद्धा ह्यानं हात एवढा झटकला नव्हता." नानांनी स्वतःचा तळहात वर करून जिन्याला दाखवला. तो लाल झाला होता. "तुझ्या नावानं शिव्या पण आहेत. पण बोटांत आकडे बसतात, शिव्या बसत न्हाईत. म्हणून मला चिमटे काढलेत, बघ."

"मला खूप मजा येते आहे," आप्पांची डबी सौम्यपणे म्हणाली. आप्पांच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

जिन्यात कुणी हसलं नाही. सगळे शीतलकडे बघत होते. शीतलनं खिडकी शोधली. पण खिडकीपाशी कराओके मंडळ उभं होतं.

प्रज्ञानं दार लावून घेतलं. नाना खुर्चीवरून हलले नाहीत, त्यांना दार लावलेलं ऐकू आलं नव्हतं.

शीतल आप्पांच्या पायाशी जमिनीवर बसला आणि लॅपटॉप उघडला. फिनलंडमधला सर्व्हर लगेच हजर झाला. "आप्पा," तो म्हणाला, "मी एक बसवलं होतं. ते काढू?"

"तुझ्या सोयीनं कर, बाळा," डबी म्हणाली. "घाई नाही."

म्हणजे हेही विचारून उपयोग नव्हता. शीतलनं आप्पांच्या मांडीवरचा टॉवेल उचलला, त्यांच्या डाव्या हातावर पसरला आणि आपला हात आत घातला. आप्पांचा हात थंड होता. काही वेळ तो हललाच नाही. मग त्यांनी शीतलचा अंगठा धरला आणि असा दाबला, की शीतलचे दात आवळले गेले.

त्यानं हुकूम लिहिला. शेवटी रेघ मारली नाही, 'वाय' मारलं नाही. संगणकानं विचारलं, सौजन्य काढायचं? त्यानं ते वाक्य पूर्ण वाचलं आणि उत्तर दिलं. मृदुता काढायची? वाचलं, उत्तर दिलं. सुसंवाद? मतैक्य काढल्यास रुग्णाच्या बोलण्यात विरोध येऊ शकतो, खात्री आहे का? हे वाक्य त्यानं दोनदा वाचलं. असं सगळं वाचत गेलं तर या धंद्यात माणसाची दिवसाला किती कमी कामं होतील, हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याचीही त्याला लाज वाटली.

मग डबीतून लिलावाच्या जुन्या पट्टीत आवाज फुटला.

"आधी त्या गाणाऱ्यांना सांग. शनिवारी परत आले तर तंगड्या मोडीन."

दारापलीकडे पावलं वाजली आणि जिना उतरून गेली. शाल-श्रीफळही बहुधा उतरलं असावं. सुलभाताई स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरून उभ्या होत्या, आता आपलं पुन्हा काय होणार या तयारीनं. पण आप्पा तिकडे बघतही नव्हते. ते शीतलकडे बघत होते. डबीचा आवाज मोठाच होता, त्याला हळू बोलता येत नव्हतं. त्यामुळे पुढचं सगळं घरभर ऐकू गेलं.

"तुला कळलं हुतं?"

अशा वेळी काय बोलायचं, याचं ठरलेलं वाक्य कंपनीकडे होतं. पॅकेजमधला दोष, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. शीतलला ते तोंडपाठ होतं.

"हो," तो म्हणाला.

"कवा?"

"बाळा म्हणालात तेव्हाच."

"मी बाळा म्हणीन? घोड्या म्हणत हुतो."

"माहीत आहे."

"मग?"

शीतल टॉवेलच्या काठाकडे बघत होता. "बरं वाटायचं," तो म्हणाला.

प्रज्ञानं सामानाच्या बॅगेची चेन उगाचच उघडली आणि परत लावली. नाना या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळं कळत असावं.

"आणि त्या बाईसमोर मी टॉवेल पुढं केला, तवा?"

"तेव्हाही."

"मी सौदा मागत हुतो," आप्पा म्हणाले. "तू माझं तोंड पुसलंस."

शीतलनं मोकळ्या हातानं लॅपटॉप मिटला.

"तुला जायाचं हुतं ना तिकडं? मग सांगायचं. मी न्हाई म्हटलं असतं. तू दोन गोष्टी बोलला असतास, मी त्यातली एक तोडली असती. तू रागावून पुण्याला गेला असतास, परत आला असतास. कुणी सांगावं, मी गेलो पण असतो. माझं न्हाई म्हणजे काय भिंत हाय? सगळा बाजार त्याच्याशी आयुष्यभर बोलला. एक तूच ऐकलं न्हाईस."

"मी नाही जात, आप्पा. फिनलंडला कळवून टाकतो."

"बघ. परत आधीच हो." डबीत आप्पांचा श्वास वाजला. "तुला कुणी विचारलं का अजून?"

खाली गाडीनं आठवण म्हणून हळूच भोंगा वाजवला. नाना सोडून सगळ्यांना तो ऐकू आला, पण कुणी उठलं नाही.

शीतलचा हात अजून टॉवेलखालीच राहिला होता. आप्पांच्या हातात. त्याला वाटलं, आता काढावा. या हाताला इथे राहायचा काही हक्क उरलेला नाही. त्यानं बोटं सैल केली आणि हात मागे घ्यायला लागला.

आप्पांची बोटं त्याच्या मनगटाभोवती आवळली.

"हात काढू नको, घोड्या," आप्पा म्हणाले. "बोलणी चालू आहेत."